रिडंडंट म्हणजे कोण?

चौथी शिकलेला माणूस मी. तरी एका इंग्रजी शब्दाच्या मुळापर्यंत गेलो, कारण तो माझ्या नावापुढे टाइप केला होता.

तेव्हा ऐंशीनंतरची वर्षं चालू होती. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात रीतच होती. कुठलाही कागद आला की ऑफिसातला क्लार्क पेन्सिलीने फुली मारायचा आणि आपण फुलीवर सही ठोकायची. वाचत कोणी नव्हतं. एकोणीस वर्षं लेथवर उभा होतो, मीही तेच केलं. त्या दिवशी मात्र आमच्या खात्याची मशीनं बंद, आणि समोर कागद.

"काय लिहिलंय यात?"

"रिडंडंट. कर सही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्यापासून घरी बस. वकील झालास काय रे?"

घरी बस म्हणायला याला एवढा शब्द लागतो? कागद खिशात घातला आणि सरळ घाटकोपरच्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंना म्हटलं, या शब्दाचा बाप कोण ते सांगा.

बाईंनी जाडजूड डिक्शनरी काढली. "काका, हा लॅटिनमधला. याच्या मुळाशी लाट असा शब्द आहे. भांडं काठोकाठ भरलं की वरचं पाणी बाहेर सांडतं ना, ते. जास्तीचं."

"भांडं भरलं कोणी?"

"ते यात नसतं हो, काका."

माझं टाळकंच फिरलं. भांडं आम्ही भरलं. शाफ्ट आम्ही तासले, बोटं आमची कापली, आणि जास्तीचे आम्हीच? पाणी आपोआप सांडतं, त्याला कोणी ढकलत नाही. मला तर टेबलाशी बसून, यादीतलं नाव निवडून काढलं होतं. असला शब्द घातला की काढणारा दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी क्लार्कला म्हटलं, "हे खोड. मराठीत लिही, कंपनीने याला काढला. लगेच सही करतो."

"अरे, एकच ना ते."

"एकच आहे तर लिही."

तो आत साहेबाकडे जाऊन आला. नाही म्हणाला. सहीशिवाय हिशेबाचे पैसे मिळत नव्हते, बाकीच्यांनी सह्या केल्या. त्यांना दोष देत नाही, घरी पोरं होती. माझ्याही घरी होती. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

महिन्याभराने क्लार्क स्वतः चाळीत आला. "सोड ना हट्ट. तुझंच नुकसान होतंय."

म्हटलं, "होतंय ना? मग ते कोणी केलं, तेवढं लिहून आण."