कोऱ्या चेकवर मी लिहिलेली रक्कम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्या मैत्रिणीला सगळं सांगते तिलाही नाही. तुम्हाला सांगते, पण आधीच बोलून ठेवते – यातल्या एका भागाचा मला अजूनही अभिमान वाटतो. लपवायचं होतं ते बहुतेक तेच.

मी फार बोलत नाही. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त घरात – आणि तिन्हीकडे मी गप्प. पण अक्षर सुंदर. त्यामुळे कोहक्याच्या आमच्या गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडे यायचे. स्टील प्लांटमध्ये बाबांच्याच शिफ्टला असलेले देवांगन काका तर चेकसुद्धा माझ्याकडूनच भरून घ्यायचे. स्वतः फक्त सही करायचे. जाताना म्हणायचे, "बने लिखथस नोनी, फेर गोठियास काबर नइ?" छान लिहितेस पोरी, मग बोलत का नाहीस?

काकांनी मुलाच्या मोबाइलच्या दुकानासाठी बाबांकडून दोन लाख घेतले. लिखापढी नाही, व्याजाची गोष्ट नाही. विश्वास म्हणून सही केलेला कोरा चेक दिला – प्लांटमधल्या दोस्तांत असंच चालतं. काही महिन्यांनी एक लाख परत आणून दिले. बाबा ड्युटीवर होते, पैसे मी घेतले आणि बाबांना दिले. पावती कोण मागतं?

उरलेले मात्र येईनात. दुकान चालत नव्हतं. बाबा मागायला गेले, तर काकांच्या मुलाने त्यांना दारातूनच काहीबाही ऐकवून परत पाठवलं. बाबा घरी आले, कपाटातून चेक काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "ते एक लाख व्याजात गेले समज. यावर पूरे दोन लाख लिही."

मी लिहिले का? – लिहिले. आकड्यांत, अक्षरांत, शेवटी 'ओन्ली' सुद्धा. चेक बाउन्स झाला, नोटीस गेली, केस उभी राहिली.

दुर्गच्या कोर्टात मी साक्षीदार होते. काकांच्या वकिलाने विचारलं, चेकवरचं अक्षर कुणाचं? मी म्हणाले, माझं – काकांनी समोर बसून भरायला सांगितलं, ते नेहमीच माझ्याकडून भरून घेतात. शेवटचं वाक्य खरं होतं ना? म्हणून आधीचं खोटं इतकं नीट बसलं. मग त्याने विचारलं, एक लाख तुमच्याच हातात परत दिले होते ना?

"नहीं," मी म्हणाले. "एक रुपया भी नहीं."

आवाज कापला नाही. वकील तेच फिरवून फिरवून विचारत राहिला आणि मी सरळ जजसाहेबांकडे पाहून उत्तरं देत राहिले. भरलेली खोली पहिल्यांदाच माझं ऐकत होती. तुम्हाला वाटतं मला तेव्हा लाज वाटली? – नाही. मला माझा आवाज आवडला.

बाहेर चहाच्या ठेल्यावर बाबा ओळखीच्यांना सांगत होते, "माही पोरगी बोलतच नाही म्हणत होते ना? पाहा, वकिलाची बोलती बंद केली तिनं." सगळे हसले. मीही हसले. काका तिथूनच, आमच्याकडे न बघता, स्कूटर ढकलत गेले. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय.

पुढे त्यांच्या वकिलानेच त्यांना समझोता करायला लावला. दुकान विकून काकांनी पूर्ण दोन लाख भरले. म्हणजे एकूण तीन. बाबांनी त्यानंतर ते नाव घेतलं नाही. मीही नाही.

आता मी रायपूरला नोकरी करते, मीटिंगमध्ये उभी राहून बोलते. लोक म्हणतात, किती आत्मविश्वास आहे. आहेच – आणि तो त्या दिवशी आला, त्या उत्तरातून. तो खोट्यातून आला म्हणून मला नकोसा झालाय का? नाही झाला.

मी फार छान बोलले त्या दिवशी. देवांगन काका खरं बोलत होते, आणि कोर्टाने माझं ऐकलं.