अडतीस राजीनामे

"कर अमेरिकेनं वाढवला ना? मग भत्ताही तिकडेच मागा," कामगार विमा कार्यालयातले साहेब म्हणाले आणि बेकारी भत्त्याचा अर्ज माझ्याकडे ढकलला. तो खाली पडला. मी वाकून उचलला. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

नांदगाव पेठेच्या कारखान्यात आम्ही परदेशात जाणारे शर्ट शिवायचो. मी लाइन सुपरवायझर. हजेरी, सुया, कात्र्या, सुट्ट्या, सगळं माझ्या वहीत. तिकडे आपल्या मालावरचा कर वाढला, ऑर्डरी बंद झाल्या. एका सकाळी मॅनेजरनं छापील कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाला. "मॅडम, बाया तुमचं ऐकतात. जेवणाआधी सह्या घ्या. त्याशिवाय राहिलेल्या पगाराचा हिशोब निघणार नाही."

मी मशीनच्या नंबरानं फिरले. शांताबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "ताई, काय लिवलं हाय यात?"

"काई नाई वो, हिशोबाचं हाय. करा सही."

मी वाचलं होतं. स्वखुशीने राजीनामा. असा कागद भरायचाच असतो, एवढंच वाटलं. माझ्यासकट अडतीस सह्या. एकही राहिली नाही, याचा अभिमान वाटला.

आता साहेब सांगत होते, बेकारी भत्ता कामावरून काढलेल्यांना. सोडून गेलेल्यांना नाही. "सही तुमचीच ना?"

माझीच.

बाहेर पायरीवर बाया बसल्या होत्या. कोणाच्या घरी गॅस संपलेला, कोणाची पोरगी कॉलेजातून काढलेली. भत्ता मिळणार नाही, तो कागद राजीनाम्याचा होता, हे मी सांगितलं. शांताबाई म्हणाली, "तुमी म्हनलं म्हनून केली मी सही." एवढंच. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मॅनेजरचा फोन आला. "ऑर्डर आली की पहिलं नाव तुमचं. फक्त बायांना शांत ठेवा."

"नाही ठेवत," मी म्हणाले. फोन बंद केला. परत आत गेले. कोरा कागद घेऊन टेबलाशी उभ्यानंच लिहिलं: कोणीही खुशीनं नोकरी सोडली नाही. राजीनाम्यावर सह्या मी घेतल्या, हिशोबाचा कागद आहे असं खोटं सांगून.

साहेबांनी वाचलं. या वेळी कागद ढकलला नाही. "बाई, हे तुमच्याच अंगावर येईल. कंपनी पुन्हा दारात उभी करणार नाही."

"येऊ द्या. पोच द्या."

"उद्या या."

"आज द्या."

शिक्का पडेपर्यंत हलले नाही. भत्ता अजून मिळालेला नाही. आता प्रकरण कामगार न्यायालयात जाईल, तिथंही हेच सांगेन. त्या सह्या मी घेतल्या. त्या मीच खोट्या पाडणार.