मास्तरांनी न खोडलेला शब्द

तार आली तेव्हा मी सांगलीत हळदीच्या पेढीवर बसून एका गिऱ्हाइकाला आटपाडीतल्या बैलाएवढ्या बोकडाची गोष्ट सांगत होतो. शिपायानं कागद पुढं केला. 'आबामास्तर वारले. निघून या.' मी हसलो. खरंच हसलो. "मास्तरांची गंमत असणार," असंही म्हणालो. कारण सत्तराव्या वर्षी विहिरीत सूर मारणारा माणूस असा एका ओळीत संपत नसतो. मग खाली मास्तरांच्या बायकोचं, काकूंचं नाव वाचलं. काकू गंमत करत नाहीत… बोकड तिथंच राहिला. पाच आठवडे झाले, ती गोष्ट मला पुढं सांगता आलेली नाही.

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं माझे मित्रच सांगत फिरतात. इथंही सोडा, माझी हरकत नाही. फक्त शेवटचं सोडू नका.

रहिमतपूरला बियाण्यांच्या दुकानात कारकून होतो तेव्हा नऊ वर्षं मी मास्तरांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. मध्ये एकच भिंत, मातीची, इतकी पातळ की मास्तरांना शिंक आली तर नाक मी पुसावं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. वर्गात साहेबाचं इंग्रजी, घरात अस्सल माणदेशी बोली. गावातली पोरं फौजेत, त्यामुळं रजेचे अर्ज आणि पाकिटांवरचे पत्ते सगळे मास्तरांच्या हातचे. त्यात त्यांचा एक लाडका शब्द हटकून यायचा, 'हार्ड बाय'. जुन्या इंग्रजीतला, अगदी लगत, खेटून अशा अर्थाचा. आमच्या पत्त्यातसुद्धा 'हार्ड बाय मारुती मंदिर' असंच असायचं. 'नियर' लिहिलेलं त्यांना खपत नसे. "नियर काय, कुनीबी असतंय रं," ते म्हणायचे. "हार्ड बाय म्हंजे, आवाज न चढवता हाक मारली आन् तिकडनं ओ आली पायजे. ओ न्हाई आली तर शब्द खोडायचा." एका जवानाच्या अर्जात त्यांनी लिहिलं, की म्हातारीचं घर ओढ्याच्या हार्ड बाय आहे आणि पाणी चढतंय. तिकडं कर्नलसाहेब म्हणे खुर्चीतून उठले, शब्दकोश मागवला, शब्दाला सलाम ठोकला आणि दहा दिवसांच्या जागी महिन्याची रजा दिली. (सलाम मी पदरचा घातलाय. रजा खरी.)

रोज सकाळी चहा झाला की मास्तर काठीनं भिंत दोनदा ठोकायचे. मी तांब्यानं दोनदा ठोकायचो. बस्स, एवढंच. एकदा मी तापानं फणफणलो होतो, ओ दिली नाही. तर धोतराचा सोगा सावरत मास्तर दार ढकलून आत! "मेलास का काय रं? ओ दे की, लेका!" पुढं चार दिवस काकूंच्या हातची पेज माझ्या नरड्यात तेच ओतत होते.

दुष्काळानंतर मी सांगलीला आलो आणि पत्रं सुरू झाली. इंग्रजीतच लिहायची, असा दंडक. आलेलं पत्र मास्तर कधी ठेवून घ्यायचे नाहीत. तांबड्या शाईनं तपासून, दहापैकी मार्क देऊन, पाकिटात घालून परत पाठवायचे. सहाच्या वर मी कधी गेलो नाही. एकदा मस्का लावायला लिहिलं, 'सांगलीत असलो तरी मी तुमच्या हार्ड बायच आहे.' शब्द खोडून आला. समासात मराठीत, 'हाक ऐकू येत नाही. तीन.'

त्या सोमवारी पेढीच्या कामानं साताऱ्याला गेलो होतो. काम दुपारीच संपलं. रहिमतपूरची गाडी समोर उभी, कंडक्टर हाका मारतोय. पुढच्या खेपेला जाऊ म्हटलं, चहा मागवला आणि एका ओळखीच्याला वाघाची गोष्ट सांगत बसलो. गाडी गेली. मग मन खाऊ लागलं म्हणून तिथूनच कार्ड टाकलं. 'आज साताऱ्यात होतो, अगदी हार्ड बाय, पण सवड झाली नाही.' आयुष्यात हजार थापा मारल्या. त्यातली सगळ्यात लहान हीच असेल.

तार आली शनिवारी. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काकू त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

"काल सकाळी चा घेतला," म्हणाल्या, "आन् छातीला हात लावून बसलं. मी पानी आनाया आत गेले, तर काठीनं भित वाजवली. दोनदा. मी म्हनलं, आवं, त्यो सांगलीला हाय, तिकडं कोन न्हाई आता. तर परत दोनदा… मी भाईर आले तवा काठी खाली पडलेली."

पलीकडच्या खोलीला कुलूप होतं. भिंतीत काठीच्या ठोक्यांनी पडलेला खळगा होता, वाटीएवढा. वाटीएवढा म्हणतो, तो वाटीएवढाच. मी त्यात हात ठेवला.

सांगलीला परतलो तर दाराच्या फटीतून पाकीट आत सरकवलेलं. वर मास्तरांचं अक्षर. गुरुवारी टाकलेलं, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी. आत माझंच कार्ड. 'सवड झाली नाही'खाली खूण नाही. 'हार्ड बाय' खोडलेला नाही. समासात तांबड्या शाईनं एवढंच, 'साताऱ्यापुरता चालवून घेतो. मी हाक मारली नव्हती, म्हणून ओ आली नाही. तुझी चूक नाही. दहा.'

ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. परवा मी तांबड्या शाईची बाटली आणली. 'नव्हती' खोडून 'होती' केलं. मग दहा खोडले. त्याच्यापुढं किती लिहायचे ते ठरेना… ती जागा अजून कोरी आहे.