शांतानं झटकलेला युनिफॉर्म

डॉक्टरनं फाइल उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “बाबा, बीड़ी कितने साल पी?”

मी म्हणलं, “साहेब, पेशंट मी नाही. पेशंट ही आहे.”

शांता, माझी बायको, बाजूच्या स्टुलावर पदर तोंडाशी धरून बसली होती. डॉक्टरची तरी काय चूक? खोलीत शिरल्यापासून मीच खोकून राहिलो होतो. भिलाईच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनले तेहतीस वर्षं काढली. कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करतात, ते खातं. आमच्या खात्यातला माणूस खोकत नसला तर लोक विचारत, हा सुट्टीवर होता काय?

डॉक्टर तिच्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “अम्मा, फेफड़े का कैंसर है.”

“मले?” शांता म्हणाली. “मी तर सुपारीसुद्धा खात नाही जी.”

रिपोर्टवर लिहिलं होतं, एडिनोकार्सिनोमा, स्टेज फोर. एडिनोकार्सिनोमा म्हणजे फुप्फुसातल्या ग्रंथींपासून सुरू होणारा कॅन्सर. तो बीडी न पिणाऱ्यालेही होते. स्टेज फोर म्हणजे तो फुप्फुसात थांबला नाही, हाडापर्यंत गेला. त्या दिवशी एवढंच समजलं. बाकीचं समजायले शांता जाईपर्यंत वेळ लागला.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा खोकला असेल तर पुढचं नीट वाचा. मी लेखक नाही, तापट माणूस आहे. लिहिताना चुकलो तर पोटात घाला.

सुरुवात दसऱ्याले झाली. आम्ही दरवर्षी धम्मचक्र दिनाले नागपूरले जातो. शांता माझ्यापुढे चालणारी बाई. जेवणाचा डबाही तिच्याच हातात आणि वरून मलेच टोमणा, “चला ना, का पालखी पाठवू?” त्या वर्षी ती स्टेशनाबाहेर पिशवीवरच बसली. म्हणाली, “थांबा जरा, श्वास पुरून नाही राहिला.” मी म्हणलं, वय झालं. तिनंही ते ऐकून घेतलं.

मग कोरडा खोकला लागला. मुलगी प्रज्ञा म्हणाली, “बाबा, तुमचाच खोकला आईले लागला.” आम्ही तिघंही हसलो. माझ्या औषधाच्या बाटलीतलं दोन चमचे तिले देत राहिलो. असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांचं आता काय करू, सांगा.

भिलाईतच कोहक्यात आमच्या घराजवळ एक डॉक्टर बसतात. त्यांनी एक्स-रे काढला. उजव्या बाजूले डाग दिसला. आमच्या भागात छातीत डाग म्हणजे टीबी, हे डॉक्टरलेही पाठ आणि आमालेही. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला नाही, तरी गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. शांता म्हणायची, “रंग चढून राहिला, म्हणजे औषध लागू पडलं.” एक दिवस चुकवला नाही तिनं. वजन मात्र उतरतच गेलं, बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या.

चौथ्या महिन्यात तिचा खांदा दुखायले लागला आणि आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. तेव्हा जावई आमाले रायपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथं सांगितलं, प्ल्युरल इफ्यूजन, म्हणजे फुप्फुसाच्या बाहेरून पाणी भरलं. सुई घालून ते काढलं. मी पाणी पांढरं असेल समजलो होतो. बाटलीत लाल चहासारखं उतरून राहिलं होतं. नर्सनं मले बाहेर जायले सांगितलं, मी गेलो नाही. मग सीटी स्कॅन, मग बायॉप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायले पाठवणं. अकरा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. अगदी सुरुवातीले जे लिहिलं, ते त्या अकरा दिवसांनंतरचं.

त्याच दिवशी आमाले बाजूच्या खोलीत पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई कॅन्सरच्या पेशंटची माहिती फॉर्मवर भरून घ्यायची. आमचं आडनाव वाचून ती मराठीत बोलली. चंद्रपूरची होती. परक्या दवाखान्यात आपली बोली ऐकली आणि शांताले रडू आलं. तोपर्यंत ती रडली नव्हती.

बाईंनी सगळं विचारलं. तंबाखू? नाही. चूल? लहानपणी. कोळशाची शेगडी? काही वर्षं. व्यवसाय? मीच सांगितलं, गृहिणी. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही कोक ओव्हनले होते ना? ड्यूटीचे कपडे तिथंच बदलायचे की घरी घेऊन यायचे?”

मी म्हणलं, “तिथंच. बाथरूम होतं ना, बाई. साबण मिळायचा. आंघोळ करूनच निघायचो.”

बाईंनी लिहून घेतलं. शांतानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

खरं काय होतं ते सांगतो. बाथरूम होतं. साबण होता. लॉकरही होतं. पण आम्ही दहा-बारा जण होतो भंडाऱ्याकडचे. बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबून हाडं झिजवलेली. आमच्या अंगावर प्लांटचा युनिफॉर्म आला तेव्हा आमाले तो धुऊन लपवायचा नव्हता, दाखवायचा होता. काळ्या कपड्यांनी सायकलवर सेक्टर दोनच्या रस्त्यानं निघालो की लोक ओळखायचे, हा परमनंट माणूस आहे. माझा बाप गावाहून आला तेव्हा फाटकात उभा राहून माझ्या काळ्या बाहीवरून हात फिरवायचा. मग मी कशाले बदलतो तिथं?

घरी आलो की शांता आधी गुळाचा खडा द्यायची, घशातली धूळ खाली जावी म्हणून. मग माझा शर्ट-पँट घेऊन मागच्या अंगणात जायची आणि भिंतीवर दणादण झटकायची. आधी झटकलं नाही तर बादलीचं पाणी शाईसारखं होते, म्हणायची. काळा ढग उठायचा. त्यातून ती खोकत, हसत बाहेर यायची, “घ्या, तुमची अर्धी भट्टी घरीच आणली.” गूळ फक्त मलेच. स्वतःच्या तोंडात कधी टाकला नाही तिनं.

आणि ऐका. माझ्या छातीचा एक्स-रे दरवर्षी निघायचा, नोकरीचा नियमच होता. तिच्या छातीचा पहिला एक्स-रे साठाव्या वर्षी निघाला.

हॉस्पिटलातून निघाल्यावर जावई पाणी आणायले उतरला, तेव्हा गाडीत शांता म्हणाली, “खोटं कावून बोलले?”

मी खिडकीची काच पुसायले लागलो.

“मले राग नाही,” ती म्हणाली. “तुमाले तरी काय ठाऊक होतं? पण त्या पोरीले खरं सांगा. तिनं माझ्यासाठी थोडीच विचारलं? माझं तर झालं आता.”

“सांगतो,” मी म्हणलं. “पुढच्या वेळी सांगतो.”

पुढच्या वेळा भरपूर आल्या. आधी एक तपासणी झाली, गाठीत एखादा ठरावीक बदल सापडला तर रोजच्या गोळीवर भागते म्हणे. तो सापडला नाही. मग किमोथेरपी, म्हणजे शिरेतून औषध देऊन कॅन्सरच्या पेशी मारणं. दर तीन आठवड्यांनी मेमूनं, म्हणजे लोकल गाडीनं, रायपूर. प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई व्हरांड्यात भेटायच्या, शांताच्या गालाले हात लावून विचारायच्या, “काकू, जेवल्या का?” प्रत्येक वेळी शांता माझ्याकडे पाहायची. प्रत्येक वेळी मी औषधाची चिठ्ठी पुढे करून दुसरंच विचारायचो. ज्या माणसानं कोक ओव्हनच्या दारासमोर उभं राहून आग पाहिली, त्याले एका पोरीसमोर चार शब्द बोलता येत नव्हते. लाज वाटते लिहायले, पण असंच होतं.

वेटिंग हॉलमध्ये बसून शांता प्लांटच्या क्वार्टरांच्या आमच्या जुन्या ओळीतल्या बायका आठवायची. “लीलाबाई आठवते? खोकून खोकून गेली, सगळे म्हणाले दमा. आणि कोपऱ्यावरची कमल? तिचं म्हणे वय झालं होतं. वयानं रक्त पडते काय खोकल्यातून? दोघींचेही नवरे तुमच्याच खात्यात.” तिनं हे डॉक्टरीणबाईलेही सांगितलं. मी बाजूलेच बसलो होतो.

बाई म्हणाल्या, “काकू, दोन नावांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण ही नावं कोणत्याच कागदावर नाहीत, ही गोष्ट मोठी आहे. कुठे बीडी कमी झाली तर पुरुषांचे या कॅन्सरचे मृत्यू कमी होऊन राहिले. कुठे कधी बीडी न ओढलेल्या बायका हाच कॅन्सर घेऊन येऊन राहिल्या. एका जिल्ह्यात एक, बाजूच्या जिल्ह्यात दुसरंच. आपल्याकडे नेमकं काय चाललं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. कारण माणूस घरीच मरते आणि कागदावर लिहून येते, दमा, नाही तर हृदय बंद पडलं.”

शांतानं मान हलवली. मग हसून मले म्हणाली, “पाहा, नोकरी तुमची, पेन्शन तुमची, आजार तेवढा माझ्या नावावर.” बाईसुद्धा हसल्या. मले हसता आलं नाही. मी पाणी आणायचं निमित्त करून उठलो आणि जिन्याखाली उभं राहून रडलो, पोरासारखा.

चौथ्या किमोनंतर डॉक्टरांनी मले एकट्याले बोलावलं. “अब तकलीफ कम करने की दवा देंगे,” एवढंच म्हणाले. त्याले पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, म्हणजे आजार बरा होत नाही, पण माणसाचं दुखणं कमी ठेवतात. मी आधी भांडलो, आवाज चढवला, म्हणलं, तुम्ही हात झटकून राहिले. डॉक्टर चिडले नाहीत. त्या मॉर्फिनच्या गोळ्यांमुळेच शांता शेवटचे पाच आठवडे झोपू शकली. तुमाले कोणी ही दवा सुचवली तर माझ्यासारखं भांडू नका, लवकर घ्या.

तिनं कोहक्याच्या घरीच जीव सोडला, सकाळी, उशाले टेकून बसल्या बसल्या. प्रज्ञा तिचे केस विंचरत होती. आदल्या दिवशी तिनं मले जवळ बोलावलं होतं. बोलायले दम पुरत नव्हता. एवढंच म्हणाली, “सांगितलं का त्या पोरीले?”

मी म्हणलं, “हो.”

ते दुसरं खोटं. तिले समजलं असेल. तेहतीस वर्षं माझ्या कपड्यांचे खिसे तपासणारी बाई ती, तिच्यापासून काय लपते?

घराजवळच्या डॉक्टरनं दाखला लिहून दिला. कारण लिहिलं, कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट, म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अरे बाप्पा, तो तर सगळ्यांचाच थांबते! मी तो कागद हातात घेऊन ओट्यावर बसलो. लीलाबाई गेली तशी, कमल गेली तशी माझी शांताही कागदावरून पुसली गेली होती. आणि अर्धं पुसायचं काम मीच केलं होतं.

शांताच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारातली माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच मेमूत बसलो आणि रायपूरले गेलो. व्हरांड्यात डॉक्टरीणबाई दिसल्या. माझ्या बाजूले शांता नाही, हे पाहूनच त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली.

मी म्हणलं, “बाई, तो फॉर्म काढा. मी खोटं बोललो होतो.”

सगळं सांगितलं. बाथरूम, साबण, सायकल, बापाचा हात, अंगणातली भिंत, काळा ढग. त्यांनी मले खोलीत नेऊन फॉर्म काढला. माझं संपल्यावर म्हणाल्या, “काका, त्या धुळीनंच झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही म्हणू शकत नाही. तुम्ही स्वतःले फासावर नका देऊ.”

“मले माफी नको बाई,” मी म्हणलं. “तुम्ही फक्त लिहा.”

त्यांनी दाखला पाहून बाजूले ठेवला आणि मृत्यूचं कारण फॉर्मवर नीट लिहिलं, फुप्फुसाचा कॅन्सर. मग वरच्या रकान्यावर पेन आणून थांबल्या. तिथं माझ्याच तोंडचा शब्द होता, गृहिणी.

“इथं काय लिहू?”

“कोक ओव्हन,” मी म्हणलं. “तेहतीस वर्षं.”

“ते तर तुम्ही होते ना, काका?”

“मी आठ तास होतो. वरून मास्क होता, गूळ होता, दरसाल एक्स-रे होता. तिच्यापाशी काहीच नव्हतं. लिहा.”

बाईंनी गृहिणी हा शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे लिहिलं, कोक ओव्हन कामगाराचे कपडे रोज झटकून धुवत, तेहतीस वर्षे. लिहून झाल्यावर मले वाचून दाखवलं. मी म्हणलं, पुन्हा एकदा वाचा. त्यांनी वाचलं.

त्या पोरीचे उपकार मी फेडू शकत नाही. तुमाले मात्र सांगतो. घरातला माणूस धुळीतून, राखेतून, सिमेंटमधून येत असेल तर त्याले कामावरच कपडे बदलायले लावा. नाहीच जमलं तर कपडे झटकू नका, सरळ पाण्यात बुडवा. टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत फरक पडला नाही तर अडून बसा, म्हणा, पुढचं तपासा. आणि डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा, पहिल्याच वेळी.

जवळच्या रसमडा गावच्या कारखान्यातून परत येणारी पोरं रोज संध्याकाळी आमच्या घरावरून जातात, काळ्या कपड्यांनी, छाती काढून. मी फाटकात उभा असतो. हाक मारून थांबवतो. काही हसतात, काही म्हणतात, बाबा सटकला. एक जण परवा थांबला आणि म्हणाला, “बाबा, घरवाली ही धोती है, उसको क्या होगा?”

मी त्याले ओट्यावर बसवलं आणि शांताचं नाव सांगितलं.