सोवळ्यातले बूट

आमच्या मिल्टन कीन्सच्या वॉकिंग ग्रुपमध्ये किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. कुठला कुणाचा, कोण कुणाचा घालून गेलं, काही पत्ता लागत नाही! पण बुटांचा किस्सा निघाला की तो हमखास एकाच माणसाचा असतो. भास्करकाकांचा.

काका मूळचे कराडचे. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर शुभाकाकूंना घेऊन इकडे राहायला आले. दर ऑक्टोबरला हा माणूस स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणाच्या शिकारीला जातो. रीतसर लायसन्स, रीतसर परवानगी. "तिकडे वाघ नाहीत, लांडगे नाहीत. हरणं वाढली की नवीन झाडं जगत नाहीत. कुणीतरी कमी करायलाच हवीत," एवढं सांगून काका लगेच मुद्द्यावर येतात. मुद्दा म्हणजे बूट. बंदुकीबद्दल दोन वाक्यं बोलतील, बुटांबद्दल अख्खी दुपार!

*

ग्रुपमधल्या मंदारने सेलमध्ये ऑनलाइन बूट मागवले. ऑफिसच्या शूजचा जो नंबर, तोच. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत चढताना गडी सगळ्यांच्या पुढे. "काका, बघा, हाफ प्राइस!"

काकांनी फक्त त्याच्या बुटांकडे पाहिलं.

उतरायला लागल्यावर मंदारची बोटं बुटाच्या टोकावर आपटायला लागली. शेवटी तो चक्क उलटा चालत उतरला, तोंड डोंगराकडे करून! वर येणारे इंग्रज "ऑल राइट, मेट?" म्हणत त्याला अदबीने वाट देत होते.

खाली आल्यावर काकांनी त्याच्या हातात थर्मासमधला चहा दिला. "बुटाचं लग्नासारखं असतं रे. चढताना सगळंच छान. खरं काय ते उतारावर कळतं!"

*

मग मी शहाणी झाले आणि बूट घ्यायला काकांनाच बरोबर नेलं. सकाळी गेले असते, पण काकांनी संध्याकाळ ठरवली. "दिवसभर चालून पाय सुजतात, प्राची. डोंगरावर तू सुजलेलेच पाय नेणार आहेस." मोजे घरचे, जाड, जे डोंगरावर घालणार तेच. दुकानात एक छोटा दगडी उतार केलेला असतो, त्यावर काकांनी मला इतक्या वेळा उतरवलं की सेल्समन खुर्ची घेऊन आला. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी!

टाच उचलली जाते का, घोटा धरला जातो का, ओल्या दगडावर सोल घसरेल का, सगळं बघून झाल्यावर मी भीतभीत म्हटलं, "काका, ह्यातच जांभळा आहे. तो घेऊ?"

"घे की. रंग हरणाला कळत नाही आणि चिखलात कुणालाच कळत नाही!"

*

आता खरी गंमत. चांगला बूट डोंगरावर नेण्याआधी घरात घालून मुरवावा लागतो. दुकानाचाही नियम असा, की घरात घालून बघा, नाही पटला तर परत आणा, फक्त सोल स्वच्छ हवा. आणि शुभाकाकूंचा नियम असा, की पायपुसण्याच्या पुढे पादत्राण येणार नाही. म्हणजे नाहीच!

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी काकूंनी निवाडा दिला. ज्या बुटाने बाहेरची जमीन शिवलेली नाही, तो सोवळ्यात. घरभर फिरू शकतो. स्वयंपाकघर आणि देव्हारा सोडून.

तेव्हापासून काका नवे बूट घालून हूव्हरने केर काढतात आणि पाठीवर आट्याची गोणी बांधून जिने चढतात-उतरतात. शिकारीत पाठीवर ओझं असतं ना, त्याची सवय!

एकदा असे सोवळ्यातले बूट घालून काका जिन्यावर असताना कौन्सिलची कचऱ्याची गाडी आली आणि बिन बाहेर ठेवायची राहिली होती. काका तसेच धावले. बिन वेळेत पोचली. परत वळून बघतात तर दारात काकू, हाताची घडी घालून.

"ओवळे झाले."

बूट डाव्या पायाला थोडा चावत होता, परत करायचा होता. पण सोलला चिखल! दुकानानेही तेच सांगितलं, फक्त इंग्लिशमध्ये.

*

हसणं इथपर्यंतच. मागच्या वसंतातल्या वॉकला कार पार्कमध्ये काकांनी बूट काढला आणि मोजा रक्ताने भिजलेला निघाला. बुटात एक खडा होता. कधी गेला कुणास ठाऊक. काकांना दिवसभर कळलंच नव्हतं!

डायबेटिस जुना होता, त्याने पायांची जाणीव हळूहळू नेली होती. क्लिनिकमधल्या पायांच्या तज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं, की साधा फोडसुद्धा चिघळला तर पाय गमवावा लागेल. डोंगरावर एकट्याने जायचं नाही, गेलात तर ठरावीक वेळाने दुसऱ्या कुणीतरी पाय तपासलेच पाहिजेत.

आम्हा सगळ्यांना "डोक्याला विचारू नका, पायाला विचारा" असं शिकवणारा माणूस, आणि त्याचेच पाय उत्तर देईनात. काकांनी बूट लॉफ्टमध्ये टाकले. ग्रुपवर लिहिणं बंद केलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

*

आणि सप्टेंबरात एके दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर शुभाकाकू बूट घालून पोळ्या लाटत होत्या. स्वयंपाकघरात!

"काकू?"

"मुरवतेय," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या पायांना कळत नाही ना, मग माझ्या हातांना कळेल. ऑक्टोबरला मी जाणार ह्यांच्याबरोबर."

काकू पक्क्या शाकाहारी. हरणाचं मटण काकांनी आजवर गार्डनमधल्या शेडमध्ये, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात शिजवलेलं. त्या काकू शिकारीला! काका बाहेरच्या खोलीत बसून माझ्याकडे बघत होते. चेहरा असा, की नवीन बूट त्यांनाच मिळालेत.

*

सामान उचलायला म्हणून मीही गेले. स्कॉटलंडमधल्या शिकारीच्या इस्टेटवर इयन नावाचा गाईड होता. सहा फुटी, दाढीवाला, अबोल. तिथे बंदूक गाईडच वाहतो आणि ऐन वेळी शिकाऱ्याच्या हातात देतो. "आज पायांची तपासणी असेल," असं काकांनी सांगितल्यावर तो फक्त "आय," म्हणाला. म्हणजे स्कॉटिश 'हो'.

दलदल, ओले दगड, गुडघाभर हेदरची झुडपं. काकू न कुरकुरता चालल्या. दर थोड्या वेळाने थांबायचं, काकांनी बसायचं, काकूंनी बूट-मोजे काढून पाय पंच्याने पुसायचे आणि बोट न् बोट दाबून बघायचं. इयन दुसरीकडे बघत उभा राहायचा.

दुपारी एका खळग्यात असेच बसलो होतो. काकांचा उघडा पाय काकूंच्या मांडीवर. इयनने एकदम हात वर केला. समोरच्या कड्यावरून एक नर, आपल्याच तंद्रीत, उतरत आला होता आणि आमच्याकडे आडवा उभा राहिला. काकांनी आयुष्यभरात इतका जवळून पाहिला नसेल. इयनने आवाज न करता बंदूक काकांच्या हातात दिली आणि कुजबुजला, "नाऊ, सर."

नेम धरायचा तर पालथं व्हायला हवं. पालथं व्हायचं तर पाय ओढून घ्यायला हवा.

काकूंनी मान वर केलेलीच नव्हती. "हलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "टाचेपाशी लाल दिसतंय."

काकांनी हरणाकडे पाहिलं. काकूंच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं. बंदूक इयनला परत दिली.

हरीण थोडा वेळ उभं राहिलं आणि चालत कड्याआड गेलं.

"सर?" इयन म्हणाला.

"शी हॅजन्ट फिनिश्ड," काका म्हणाले.

 इयनने बंदूक तिच्या कव्हरात घातली, काकूंच्या समोर खाली बसला, आपल्या डाव्या बुटाची लेस सोडली, मोजा काढला आणि तो भला थोरला गोरा पाय अवघडून पुढे केला.

काकूंनी तो मांडीवर घेतला.

"अहो, तो पंचा द्या इकडे. ह्याचा पाय तर ओलाच आहे!"