डोळ्यांचं औषध आणि लिंबांचं औषध

चौथ्या दिवशी सकाळी बाटलीतलं औषध कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं.

अर्ध्या औंसाची छोटी बाटली होती, आमच्या ह्यांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक डोळ्यात दोन थेंब. बाटली आणली त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी औषध जिथवर असेल तिथे बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने रेघ मारत होते. कुणावर संशय म्हणून नव्हे. मला घरातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवयच आहे. तीन रेघा एकाखाली एक उतरत गेल्या होत्या. आता औषध सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर होतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहायचो आणि हे गावाबाहेरच्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात, सूत काढायच्या खात्यात होते. तिथे लाकडाच्या लगद्याचा दाट पाक बारीक भोकांतून आम्लाच्या पाण्यात सोडतात आणि त्याचा धागा होतो. त्या पाण्याच्या वाफेने खात्यातल्या माणसांचे डोळे अधूनमधून यायचेच. पण ह्या खेपेला उन्हात डोळे उघडेनात, आणि संध्याकाळी दिव्याभोवती ह्यांना रंगीत कडी दिसू लागली. आमच्या डॉक्टरांनी आठवड्याची रजा लिहून दिली, थेंब दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की बुबुळाला जखम आहे, चिघळली तर फूल पडेल, म्हणजे बुबुळावर कायमचा पांढरा डाग. दिवसभर केसाएवढ्या धाग्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात फूल पडलं तर पुढे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

औषध झिंक सल्फेटचं आहे म्हटल्यावर ह्यांना भारी गंमत वाटली. त्याच्या गोणीच्या गोणी आमच्याकडे आम्लाच्या पाण्यात रिकाम्या होतात, म्हणाले. त्याने धागा सावकाश गोठतो आणि मजबूत होतो. लिंबा-संत्र्यांच्या झाडांवरही तेच फवारतात. त्याचा पुरावा तर आमच्याच फळीवर होता. खडवलीला ह्यांच्या मामांची लिंबाची आठ-दहा झाडं होती. त्यांची पानं बारीक आणि पिवळी पडत चालली होती, आणि शेतकी खात्याच्या माणसाने झिंक चुन्याच्या निवळीत कालवून मारायला सांगितलं होतं. म्हणून ह्यांनी स्टोअरकीपरला रीतसर विचारून एक पुडी आणली होती. रविवारी मामा येऊन नेणार होते. माझ्या वहीत तशी नोंदही होती.

मी फळीवरची पुडी काढली. माझी गाठ वेगळी असते. ही कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती.

हे ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवून पडले होते. मी बाटली हातात घेऊनच विचारलं, "ह्यात काय घातलंत?"

ह्यांनी घडी उलटून गार बाजू डोळ्यांवर घेतली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी रेघ मारून रेशनच्या दुकानात गेले, तेव्हा चाचपडताना ह्यांच्या हातून बाटली कलंडली आणि औषध सांडलं. डॉक्टर ओरडतील, रजा वाढवतील, आणि मी वर्षभर ऐकवीन, म्हणून ह्यांनी पुडीतली चिमूटभर पूड उकळलेल्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली. रात्री आणि आज सकाळी तेच घातलं होतं. चिठ्ठीवरच्या रेघा तेवढ्या ह्यांना दिसल्या नव्हत्या.

"अगं, तेच तर आहे. झिंक ते झिंक."

"झोंबलं नाही?"

"झोंबलं. म्हटलं, लागू पडतंय."

मी वाद घातला नाही. ह्यांना उठवलं, डोळ्यांवर उपरणं धरायला लावलं, हात धरून दवाखान्यात नेलं. पुडी आणि बाटली पिशवीत घेतली.

डॉक्टरांनी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने दोन्ही डोळे कितीतरी वेळ धुतले, मग भिंग लावून पाहिले. सगळं ऐकून घेतल्यावर ते ह्यांना म्हणाले, "मी औंसभर पाण्याला गव्हाच्या दाण्याएवढं घालतो. तुम्ही अर्ध्या औंसाला चिमूट. आणि ही पूड झाडांसाठी ठीक आहे, त्यात आणखी काय काय असेल ते कारखान्यालाच ठाऊक. डोळे तुमचे आहेत की लिंबाचे?"

हे हसले. मला हसू आलं नाही. जखम वाढली का, एवढंच मी विचारलं. सूज आहे, आज सांगता येत नाही, दोन दिवसांनी या, असं उत्तर मिळालं.

ते दोन दिवस मी थेंब स्वतः घातले. डॉक्टरांनी दिलेली नवी बाटली कुलपात ठेवली. पुडीवर मोठ्या अक्षरांत 'झाडांसाठी' लिहिलं आणि ती रविवारपर्यंत न थांबता शेजाऱ्यांबरोबर खडवलीला पाठवून दिली. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लिहून काढले. अकरा झाले. नोकरीचं काय, खातं बदलून मिळेल का, वाचायला कधी द्यायचं, असे. सगळ्यांत वरचा प्रश्न लिहायला हात धजला नाही, म्हणून ती ओळ मोकळीच सोडली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंग लावून आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. भिंग खाली ठेवलं.

"भरतेय जखम. फूल पडणार नाही, वहिनी. सूत काढायच्या खात्यात मात्र निदान सहा महिने नको. मी चिठ्ठी देतो."

कागद माझ्या मुठीत होता. त्यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. बाकावर बसून त्याची बारीक घडी केली आणि पिशवीत टाकली.

परत येताना हे दुकानांवरच्या पाट्या मोठ्याने वाचत चालले होते. किराणा भुसार, सायकल दुरुस्ती, शिंपी, पुन्हा किराणा. लोक वळून पाहत होते. एरवी मी म्हटलं असतं, रस्त्यात काय हे. त्या दिवशी मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि थोडी हळू चालले, म्हणजे एकही पाटी सुटायला नको.