फ्रिजवरचा कांदा

कुठलीही वस्तू हातात आली की मॅडम आधी तिच्यावर अंगठा दाबायच्या. बाटलीचं झाकण असो, फळवाल्याकडचा पेरू असो, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाचा केक असो. अंगठा दाबायचा, क्षणभर थांबायचं आणि मग निकाल द्यायचा. केकच्या वेळी आम्ही सगळे ओरडायचो, पण तोवर वरच्या क्रीमवर अंगठा उमटलेला असायचा.

"टणक आहे ना? मग आहे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. म्हणजे माल पास.

सातिवलीच्या एका गाळ्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा आमचा कारखाना होता. मी डिस्पॅचला, त्या क्वालिटीला. माहेर कराडकडचं, सासर वसईच्या एका गावातल्या वाडीवाल्यांचं आणि संसार आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर. नवरा मुंबईला नोकरीला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. सगळा कारखाना त्यांना मॅडमच म्हणायचा. बाई शिस्तीची होती, आवाज खणखणीत होता, आणि "हे असंच असतं" असं कुणी म्हणालं की तिचं डोकं फिरायचं. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्याशी पटत नाही, पण ती रजेवर गेली की चैन पडत नाही.

एका नव्या वर्षाला एका पार्टीकडून ऑफिसात एक कुंडी भेट आली. पानं हृदयाच्या आकाराची, त्यांवर चांदीच्या वर्खासारखी नक्षी. उंच देठांवर गुलाबी फुलं, पण पाकळ्या सगळ्या मागे वळलेल्या, एखाद्या मुलीने वाऱ्यात तोंड धरून केस मागे उडू द्यावेत तशा. नाव सायक्लेमन. आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.

"थंड हवेचं झाड आहे," मालकांच्या बायको म्हणाल्या. "फुलं संपली की टाकून द्यायचं. इथे दुसऱ्यांदा येत नाही ते. असंच असतं त्याचं."

झालं! मॅडमनी कुंडी उचलून आपल्या टेबलावर ठेवली.

तेव्हापासून त्या कुंडीच्या जवळ जायची कुणाची हिंमत नव्हती. मशीनवरचा एक जण प्रेमाने ग्लासभर पाणी ओतायला गेला तर केवढ्याने ओरडल्या. "डोक्यावर पाणी नाही! खाली बशीत घाल. त्याचं त्याला पिऊ दे." पिवळं पडलेलं पान त्या कधी तोडायच्या नाहीत. देठ बुंध्याशी धरून हलका पीळ द्यायच्या आणि अलगद उपसून घ्यायच्या. कुठून शिकल्या कोण जाणे. मोबाइलवर शोधत असाव्यात, कारण जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने आणि मोबाइल दुसऱ्या हाताने चालायचा.

उन्हाळा लागला तशी पानं एकेक करून पिवळी पडली. शेवटी कुंडीत नुसती माती उरली. आम्ही हळहळलो. मॅडमनी मातीत बोट घालून आतला कांदा चाचपला, त्यावर अंगठा दाबला.

"टणक आहे. झोपलंय ते."

आणि ती मातीची कुंडी मांडीवर घेऊन त्या शेअर रिक्षातून घरी गेल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "यात काय आहे?" तर म्हणाल्या, "सायक्लेमन." त्या बाईने पुन्हा एकदा मातीकडे पाहिलं आणि जरा सरकून बसली.

आता घरी काय चाललं होतं, ते सांगायला हवं. मॅडमच्या सासूबाई आयुष्यभर गावच्या वाडीत राबलेल्या. केळी, पानवेली, मोगरा, अळू, सगळं त्यांच्या हातचं. सासरे गेल्यावर मुलाने त्यांना आचोळ्याला आणलं आणि वाडीतल्या घराला कुलूप लागलं. त्याच वर्षी त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाललंच पाहिजे. पण म्हातारी काही उठेना.

"कुठं चालू?" असं त्यांनी एकदाच विचारलं म्हणे. "सैपाकघरापासून मोरीपर्यंत? तेवढ्यासाठी पाय कशाला?"

त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. हॉलमधल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. नवा आणलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता, त्यावर मॅडम ओले टॉवेल वाळत घालायच्या. या गोष्टी मॅडम आम्हाला सांगायच्या त्या अगदी कोरड्या आवाजात, झाकणांचा लॉट परत आल्याचं सांगावं तशा. पण एकदा डबा तसाच बंद करून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, अशीच पडून राहिली तर फार दिवस नाहीत. आणि माझं ती ऐकत नाही गं. भांडतसुद्धा नाही आता."

पावसाळ्यात कुंडीतल्या मातीला बुरशी धरायला लागली. मॅडमनी कांदा काढला, कोरड्या ब्रशने झाडला आणि एका वेताच्या परडीत कोरडी वाळू घालून त्यात निजवला. परडी ठेवली फ्रिजवर. तिथे मागून गरम हवा येते, ओल धरत नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. त्यांचं लक्ष आहे असं कुणालाच वाटलं नाही.

श्रावणात विरारची नणंद आईला बघायला आली. मॅडम कामावर होत्या. नणंदेने म्हटलं, वहिनी दमून येईल, आपणच भाजी टाकू. भाजी शोधता शोधता फ्रिजवर हात गेला. चपटा, तपकिरी, मुठीएवढा गड्डा. हिला वाटलं, बारका सुरण. "फ्रिजवर वाळूत काय ठेवते ही वहिनी!" असं मोठ्याने म्हणत धुतला आणि विळी मांडून बसली.

पलंगावरून आरोळी आली, "ए! हात नको लावू त्याला!"

नणंद दचकली. कित्येक महिन्यांत आईचा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा. "अगं आई, सुरण आहे."

"सुरन तुझ्या डोक्याचा! फुलाचा कांदा हाय तो. विषारी असतो. ठेव खाली!"

नणंदेला नीट कळेना, तिने कांदा हातातच धरून ठेवला. तेव्हा म्हातारी उठून बसली, टॉवेल जमिनीवर भिरकावला, वॉकर ओढला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कांदा ताब्यात घेतला, पदराने पुसून कोरडा केला आणि ओट्याला टेकून धापा टाकत मुलीला म्हणाली, "सूनबाईने जपलाय तो. तिला विचारल्याशिवाय कोन हात लावेल त्याला?"

दुसऱ्या दिवशी मॅडम हे सांगत होत्या आणि अख्खा कारखाना डबे सोडून ऐकत होता. त्या हसत होत्या, आम्हीही हसत होतो. "भिंतीकडे तोंड करून मी मोबाइलवर लावलेलं सगळं ऐकत होती ती," मॅडम म्हणाल्या. "विषारी आहे ते तिला तिथूनच कळलं." मग एकदम हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चालली गं ती. स्वतःहून चालली."

गणपती झाल्यावर कांदा पुन्हा कुंडीत लावला आणि घरात भांडण सुरू झालं. मॅडमचं म्हणणं, कांदा अर्धा मातीच्या वर हवा, नाहीतर कुजतो. सासूबाईंचं म्हणणं, कांदा उघडा ठेवायचा म्हणजे काय, अंगावर पांघरूण नको त्याला? दोघी कुंडीच्या दोन बाजूंना बसून तावातावाने वाद घालत होत्या. नवरा घाबरून गॅलरीत जाऊन उभा राहिला. शेवटी मॅडमचं म्हणणं राहिलं. पण मला विचाराल तर त्या दिवशी त्या हरल्या असत्या तरी इतक्याच खूश दिसल्या असत्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या त्या गुणगुणतच. मॅडम आणि गुणगुणणं! आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो.

पानं आली. छोटी, वर्खाची नक्षी असलेली. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि पानं एकामागून एक आडवी पडायला लागली. मॅडम पुन्हा कोरड्या आवाजात बोलायला लागल्या. "मालकीणबाईंचं खरं होतं बहुतेक," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकवेना.

या वेळी म्हातारी पुढे झाली. "ऊन नाय, गरम वारा लागलाय त्याला. माठ आन एक."

जुना माठ आणला, तो अर्ध्यावर फोडला, खालच्या भागात ओली वाळू भरली आणि त्यावर कुंडी ठेवली. खिडकी बदलली, उत्तरेची धरली. माठ झिरपत राहिला, कुंडी गार राहिली. वाळूत पाणी कमी झालंय का, हे बघायला म्हातारी पलंगावरून खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वॉकर गेला, काठी आली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने विचारलं, "आजी, एवढं कसं काय चालता?" तर म्हणाल्या, "कामं असतात."

थंडी पडली. एका सकाळी मॅडम कारखान्याच्या फाटकातून आत आल्या त्या मोबाइल उंच धरूनच. फोटोत पानांच्या मधोमध एक कळी, मान खाली घातलेली, पिळलेल्या टोकाची. तो फोटो मालकांच्या टेबलापासून मशीनपर्यंत सगळीकडे फिरला. मालकांच्या बायकोंनी चष्मा लावून पाहिला आणि मोकळेपणाने म्हणाल्या, "मी चुकले बाई. आणि चुकले ते किती बरं झालं!"

"सव्वीस जानेवारीला घरी या सगळ्या," मॅडम म्हणाल्या. "सोसायटीचा सत्यनारायण आहे. तोवर फुलेल."

आम्ही गेलो. आवारात झेंडावंदन होऊन मांडव सजला होता, माइकवरून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. लिफ्ट नेहमीसारखी बंद. आम्ही जिन्याकडे निघालो तर वरून मॅडमचा आवाज आला, "थांबा! आम्हीच येतोय."

जिन्याच्या वळणावर आधी दिसली ती कुंडी. गुलाबी फुलांचा झुबकाच, बाजारातल्या झाडापेक्षा फुलं बारीक, पण काय रंग होता! कुंडी धरून मॅडम एकेक पायरी उतरत होत्या, आणि त्यांच्या मागे, एक हात कठड्यावर, एक काठीवर, नऊवारी नेसलेल्या सासूबाई. त्या घरात आल्यापासून म्हातारी दवाखान्याखेरीज खाली उतरली नव्हती, आणि तेव्हाही खुर्चीवर बसवून उतरवलेली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळा जिनाच वाजायला लागला.

"टाळ्या नंतर!" म्हातारी ओरडली. "वाट सोडा आधी. फुलाला धक्का लागेल."

खाली आल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आजी, पूजेच्या चौरंगाशी ठेवू या कुंडी."

"नको. धूर सोसायचा नाय त्याला. देवाला लांबूनपन दिसतं."

मांडवाच्या कडेला सावलीत खुर्ची टाकली, शेजारी स्टुलावर कुंडी. प्रसाद घेऊन बायका पूजेपेक्षा तिथेच जास्त रेंगाळल्या. म्हातारी प्रत्येकीला पाणी बशीत का घालायचं ते समजावून सांगत होती, आणि मॅडम मागे उभ्या राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. दमलेल्या होत्या, केस विस्कटलेले होते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण इतकं भरभरून हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच झाडाचं बी धरलं त्यांनी. अंधारात रुजतं म्हणून कपाटात, साड्यांच्या खाली कुंड्या ठेवल्या. रोपांना फुलं यायला वर्षाहून जास्त लागलं. त्यांतली कित्येक उन्हाळ्यात गेली, पण जी राहिली ती इथल्या हवेला सरावलेली होती. निवृत्तीच्या दिवशी आम्ही मॅडमना शाल दिली आणि त्यांनी मशीनवरच्या माणसांसकट आम्हा सगळ्यांना एकेक फुललेली कुंडी दिली. भाषण केलं नाही. "डोक्यावर पाणी नाही," एवढं बजावलं.

आता त्या सातिवलीला नाहीत आणि आचोळ्यालाही नाहीत. म्हातारीने हट्ट धरला आणि दोघींनी वाडीतल्या घराचं कुलूप काढलं. कौलं बदलली, विहीर उपसली. मॅडमचा नवरा तिथून स्टेशन लांब पडतं म्हणून कुरकुरतो, पण शनिवारी सकाळी चपला काढून मातीत उतरतोच.

गेल्या थंडीत मी तिथे गेले. बांधावरून चालत गेले आणि फाटकाशी थांबले. पडवीत कुंड्यांची रांग लागली होती, गुलाबी, पांढरी, एखादी लालसर. कुठली कुंडी सकाळच्या उन्हात हलवायची यावरून आत जोरदार वाद चालला होता. मग दोघी बाहेर आल्या. म्हातारी पुढे, दोन्ही हातांनी कुंडी छातीशी धरून, केळीच्या मधल्या वाटेवरून भराभरा चाललेली. आणि तिच्या मागे मॅडम, ती विसरून गेलेली काठी हातात घेऊन.